काकू, त्या सलगमाच्या कंदिलासाठी थँक्यू

प्रिय काकू,

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "अगं त्यात काय एवढं" म्हणता आणि गाडी भाजीवर नेता, म्हणून लिहितेय. आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण घरापासून लांब पहिली दिवाळी करणाऱ्या प्रत्येकीला तुमच्यासारखी कुणीतरी भेटावी असं मला अगदी मनापासून वाटतं.

इथे आयर्लंडमधे ऑक्टोबरच्या शेवटच्या सोमवारी बँक हॉलिडे आणि त्याला जोडून शाळेला आठवडाभर मिडटर्म, हे मला माहीत होतं पण डोक्यात नीट बसलं नव्हतं. २०२४ ची सुट्टी २८ तारखेला सुरू झाली, मला रजा नाही, ह्यांची शिफ्ट, लेक सीनियर इन्फंट्समधे म्हणजे जेमतेम सहा वर्षांची, आणि ३१ ला नरक चतुर्दशी. तुम्ही एवढंच म्हणालात, "सोड तिला माझ्याकडे, डबाबिबा देऊ नकोस." त्या एका वाक्याने मला किती हलकं वाटलं हे तुम्हाला कधी सांगितलंच नाही.

पण खरं थँक्यू त्यापुढचं आहे. समोरच्या घराच्या हिरवळीवर हॅलोविनसाठी, म्हणजे इथल्या ३१ ऑक्टोबरच्या भुतांच्या सणासाठी, मातीतून वर आलेला हाडांचा सापळा मांडला होता ना, त्याला लेक इतकी घाबरली होती की चार दिवस हॉलचा पडदा उघडू देत नव्हती. मी शंभर वेळा सांगितलं की बाळा ते प्लास्टिकचं आहे, पण ऐकेल तर ना! आणि तुम्ही तिला समजवायच्या भानगडीत न पडता सरळ दुकानात नेलंत आणि तिच्या डोक्याएवढा एक सलगम उचलायला लावलात.

सलगम म्हणजे आपला पांढरा छोटा नाही, इथले लोक ज्याला टर्निप म्हणतात तो जांभळट सालीचा, आत पिवळा, नवलकोलाचा थोरला भाऊ शोभेल असा दणकट गड्डा. मंगळवारी संध्याकाळी मी तिला न्यायला आले तेव्हा ओट्यावर ओलं फडकं पसरून त्यावर तो बसवलेला, म्हणजे घसरायला नको, वरचं झाकण तुम्ही सुरीने कापून दिलेलं आणि लेक स्टुलावर उभी राहून स्टीलच्या चमच्याने आतला गर खरवडतेय, जीभ बाहेर, दोन्ही हातांनी. भोपळा कसा भसाभस रिकामा होतो, हा दगड. एक चमचा वाकला तर तुम्ही दुसरा दिलात. घाई नाही, "दे मी करते" नाही. दोन दिवस चाललं होतं तुमचं ते काम! डोळे आणि तोंड तुम्ही कोरलंत, कुठे कोरायचं ते तिने पेनने काढून दिलं, दात म्हणून काडेपेटीच्या काड्या अर्ध्या तोडून खोचल्या, झाकणाला धूर जायला भोकं, दोन बाजूंना भोकं पाडून सुतळीची कडी. एवढंच सगळं, पण त्या काड्यांच्या दातांमुळे तो चेहरा असा काही झाला की मी दोन मिनिटं बघतच राहिले.

आणि खरवडता खरवडता तुम्ही तिला जॅकची गोष्ट सांगितलीत. एक नंबरचा कंजूष जॅक, दारूचे पैसे द्यायला नकोत म्हणून सैतानालाच नाणं बनायला लावतो आणि ते नाणं क्रॉसशेजारी खिशात टाकून त्याला अडकवतो, मग पुन्हा एकदा सफरचंदाच्या झाडावर चढवून खोडावर क्रॉस कोरतो, सैतान कबूल करतो की तुझा आत्मा नेणार नाही. मग जॅक मरतो, स्वर्गात घेत नाहीत, नरकात सैतान शब्दाला पक्का. बाहेर मिट्ट काळोख. सैतान त्याच्याकडे एक निखारा फेकतो, जॅक तो पोखरलेल्या सलगमात ठेवतो आणि तेव्हापासून फिरतोच आहे. त्यावर लेक काय म्हणाली आठवतं? "मग त्याला कुणी घरी का नाही बोलवत?" तिची भीती बहुतेक त्याच क्षणी गेली, कारण बुधवारी सकाळी पडदा तिने स्वतः उघडला.

ही गोष्ट तुम्हाला नर्सिंग होममधल्या, म्हणजे इथल्या वृद्धाश्रमातल्या, तुमच्या ओळखीच्या एका आजोबांनी सांगितली होती ना, ज्यांनी लहानपणी असे कंदील स्वतः कोरले होते. हॅलोविनचा कंदील म्हणजे मला तर भोपळाच खरा वाटत होता. इथून अमेरिकेला गेलेल्या लोकांना तिथे भोपळा मिळाला, मोठा आणि कोरायला सोपा, म्हणून तो रुळला हे तुमच्याकडून कळलं. मेयोमधे कॅसलबारजवळ टर्लो पार्कच्या म्युझियममधे डोनेगलच्या फिनटाउनच्या जुन्या सलगम कंदिलाचा प्लास्टरची प्रतिकृती ठेवलीय ती तुम्ही मोबाईलवर दाखवलीत, आणि तिचा तो सुरकुतलेला चेहरा बघून हा सण दुकानातल्या प्लास्टिकचा नाही हे मला पहिल्यांदा आतून समजलं. आपल्या नॅवन गावापासून वीसेक किलोमीटरवर अथबॉयची टेकडी आहे, तिथे साऊनच्या, म्हणजे हॅलोविन ज्यातून आला त्या जुन्या सणाच्या, रात्री मोठी आग पेटवायचे म्हणे, पलीकडच्या जगाची दारं त्या रात्री उघडी असतात म्हणून. इथल्या भाषेत नोव्हेंबरलाच साऊन म्हणतात, हे तर आता लेकच मला शिकवते.

३१ ची पहाट मी विसरणार नाही. उटणं माझ्याकडे होतं पण कारीट कुठून आणणार, तर तुम्ही आदल्या रात्रीच मायक्रोवेव्हमधे मऊ केलेली सलगमाची फोड डबीत घालून दिली होतीत. लेकीने डाव्या अंगठ्याने ती चिरडली आणि नरकासुर मेला असं ओरडली, शेजारी जागे झाले असतील. घड्याळं मागे गेलेली, त्यामुळे पाचलाच अंधारायला लागलं. फटाके इथे लायसन्सशिवाय चालत नाहीत, म्हणून रस्ता तसा शांतच होता. दाराच्या वर आपला आकाशकंदील आणि पायरीवर तो सलगम, आत छोटी मेणबत्ती. झाकण तापलं की भाजलेल्या सलगमाचा जो वास येतो तो मला आता कायम दिवाळीचा वाटणार. वेश करून आलेल्या पोरांना लेकीने स्वतः दार उघडून चॉकलेटबरोबर चकली दिली आणि एका आयरिश आजीबाईंनी पायरीशी वाकून तो कंदील बघितला, म्हणाल्या, माझे वडील असाच करायचे. त्या बराच वेळ तिथेच उभ्या होत्या.

मला घरची आठवण त्या दिवशी आली नाही असं नाही, खूप आली. पण रडू आलं नाही.

भाऊबीजेपर्यंत सलगम आकसला, गाल आत गेले, दोन दात पडले, लेक त्याला जॅकआजोबा म्हणायला लागली. काल बागेत पुरला, तिच्याच हट्टाने, सुतळीची कडी मात्र तिने काढून ठेवलीय पुढच्या वर्षासाठी.

आणि हो, त्या खरवडलेल्या गराची मोहरी-हिंगाची फोडणी देऊन केलेली भाजी ज्या डब्यातून पाठवलीत तो डबा अजून माझ्याकडेच आहे. रिकामा परत करायचा नाही म्हणून थांबलेय, रविवारी करंज्या करतेय, सकाळी अकराला घरी असाल ना?

तुमचीच,
समोरच्या गल्लीतली