तिसऱ्यांदा फॉरमॅट नको, रॅम बदलून द्या

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय: वॉरंटीतील संगणक निळा पडदा दाखवून वारंवार बंद पडत असल्याबाबत.

महोदय,

आपल्या कंपनीचा डेस्कटॉप घेऊन सात महिने झाले. गेले अडीच महिने तो कधी मान टाकेल याचा नेम राहिलेला नव्हता. काम चालू असताना पडदा निळा व्हायचा, तो रडका चेहरा उगवायचा आणि मशीन आपोआप पुन्हा सुरू व्हायचे. दर दोन ओळींनी कंट्रोल-एस दाबायची सवय बोटांना लागली ती अजून सुटलेली नाही.

संगणक दोनदा सेवा केंद्रात देऊन झाला. दोन्ही वेळा विंडोज नव्याने टाकून परत मिळाला आणि कागदावर शेरा एकच: ‘सॉफ्टवेअर प्रॉब्लेम, सोडवला.’ पहिल्या खेपेला तो चार दिवस टिकला. दुसऱ्या खेपेला घरी आणला त्याच संध्याकाळी निळा पडदा.

शेवटी मीच पदर खोचला. प्रत्येक स्टॉप कोड, म्हणजे निळ्या पडद्यावर येणारे बिघाडाचे नाव, वहीत टिपला. एकदा ‘मेमरी मॅनेजमेंट’, एकदा ‘पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया’, मग ‘आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल’. एखादा ड्रायव्हर (यंत्राचा एखादा भाग चालवणारा प्रोग्रॅम) बिघडला असता तर बहुधा त्याच फाइलचे नाव पुन्हा पुन्हा आले असते. इथे मिनीडंपच्या, म्हणजे मशीन कोसळताना विंडोज जपून ठेवते त्या नोंदींच्या, अकरा फाइलींत दर वेळी आरोपी निराळा. म्हणून संशय रॅमवर, म्हणजे चालू काम तात्पुरते साठवणाऱ्या स्मृतीवर. तरी ग्राफिक्स ड्रायव्हर काढून नवा टाकला, विंडोजच्या फाइली तपासणारा एसएफसी स्कॅन केला, बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी ही वेग वाढवणारी सोय बंद करून रॅमचा वेग ३२०० वरून २१३३ वर आणला. काडीचा फरक नाही.

मग पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम रात्रभर चालवला. रॅमच्या आठ-आठ जीबीच्या दोन पट्ट्या आहेत. त्या एकेक करून तपासल्या. एक पट्टी चारही फेऱ्यांत स्वच्छ निघाली, दुसरीवर पहिल्याच फेरीत लाल ओळींची रांग लागली. जागा बदलून पाहिल्या: खराब पट्टी दुसऱ्या स्लॉटमध्येही नापास, चांगली पट्टी तिच्या जागीही पास. म्हणजे स्लॉट निर्दोष, दोष पट्टीचाच. ती काढून ठेवल्यापासून बारा दिवसांत एकही निळा पडदा नाही. मात्र १६ जीबीचे पैसे मोजून मी ८ जीबीवर काम करते आहे.

हे सारे केंद्रात सांगितले तर उत्तर मिळाले की, ‘आमच्या चाचणीत काही निघाले नाही.’ ती चाचणी म्हणजे विंडोजमधलीच, नेहमीच्या दोन फेऱ्यांची. वर, मी कॅबिनेट उघडल्यामुळे वॉरंटी जाऊ शकते असेही ऐकवले. महोदय, पट्ट्या काढून त्यांच्या सोनेरी टोकांवर खोडरबर फिरवा आणि पुन्हा घट्ट बसवा, हे मला आपल्याच हेल्पलाइनवरच्या मुलाने फोनवर सांगितले होते. संभाषण ध्वनिमुद्रित होत असल्याची सूचनाही सुरुवातीला ऐकवली होती. ते काढून ऐकावे.

संगणक बंद पडण्यापेक्षा मोठे नुकसान नंतर लक्षात आले. त्या महिन्यांत कॅमेऱ्यातून उतरवलेल्या फोटोंपैकी काही उघडले की वरचा अर्धा भाग ठीक दिसतो, खाली नुसता राखाडी पट्टा. खराब रॅममधून जाताना माहिती बिघडली आणि तशीच डिस्कवर लिहिली गेली. कार्ड मी तोवर पुसले होते. हे फोटो आपण परत देऊ शकत नाही, म्हणून ते मागतही नाही.

मागणी एवढीच: दोन्ही पट्ट्या जोडीने बदलून द्याव्यात, कारण वेगळ्या जातीची एक पट्टी जोडून नवे दुखणे मला नको. कॅबिनेट उघडल्याने वॉरंटीला बाध आलेला नाही, हे लेखी कळवावे. आणि माझ्या परवानगीशिवाय डिस्कला हात लावू नये. पंधरा दिवसांत उत्तर आले नाही, तर ग्राहक आयोगाकडे जाईन.

आपली,
एक ग्राहक

सोबत: चाचणीच्या पडद्याची छायाचित्रे, मिनीडंप फाइली, सेवा केंद्राच्या दोन्ही पावत्यांच्या प्रती.