पुनर्वसनाची इमारतही ग्राहकाला दिसू द्या

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या घरखरेदी पुरवणीत लालबाग, परळ, काळाचौकी आणि शिवडी येथील नव्या टॉवरांच्या जाहिराती सातत्याने येत असतात. त्यांतील कित्येक टॉवर मोकळ्या भूखंडावर नव्हे, तर उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या भाड्याच्या चाळी पाडून रिकाम्या केलेल्या जागेवर उभे राहत आहेत. जाहिरातीत समुद्राचे दृश्य असते, पोहण्याचा तलाव असतो, अटल सेतूचे अंतर मिनिटांत दिलेले असते. परंतु त्या जागेवर कालपर्यंत राहणारे भाडेकरू आज कोठे आहेत आणि त्यांच्यासाठी बांधायच्या पुनर्वसन इमारतीचे काम कुठवर आले आहे, याविषयी एक ओळही नसते. ही माहिती घर घेणाऱ्याला देणे सक्तीचे व्हावे, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मी आणि माझे पती दोघेही नोकरी करतो आणि डोंबिवलीहून रोज लोकलने करी रोडला येतो. कार्यालयाच्या जवळ घर घ्यावे म्हणून आम्ही या भागात चौकशी करत आहोत. एका विक्री कार्यालयात काचेच्या पेटीत प्रकल्पाची प्रतिकृती मांडलेली होती. टॉवरच्या मजल्यामजल्यावर दिवे लागलेले, पोडियमवर झाडे, प्रवेशद्वाराशी इवल्याशा मोटारी, आणि मागच्या कोपऱ्यात, ज्याला खिडक्यासुद्धा कोरलेल्या नाहीत असा एक पांढरा ठोकळा. तो कशाचा आहे असे विचारले, तेव्हा तेथील प्रतिनिधी म्हणाला, "ती टेनंट बिल्डिंग आहे, मॅडम. तुमचा काही संबंध येणार नाही, त्यांचा गेट वेगळा आहे." त्याने हे आम्हाला दिलासा म्हणून सांगितले. बाहेर येऊन पाहिले तर ठोकळ्याच्या जागी पत्र्याच्या कुंपणाआड पाणी साचलेला खड्डा होता आणि विक्रीच्या टॉवरचे स्लॅब मात्र एकावर एक चढत होते.

संबंध येणार नाही, हे विधान वस्तुस्थितीला धरून नाही. विकास नियंत्रण नियमावलीच्या ३३(७) या तरतुदीखाली चाळीची पुनर्बांधणी करायची तर किमान ५१ टक्के भाडेकरूंची लेखी संमती लागते, निवासी भाडेकरूला कमीत कमी ३०० चौरस फुटांचे घर विनामूल्य द्यावे लागते आणि या पुनर्वसन क्षेत्राच्या प्रमाणातच विकासकाला विक्रीसाठी प्रोत्साहनपर चटई क्षेत्र, म्हणजे जादा बांधकामाची परवानगी, मिळते. म्हणजे मला जे घर दाखवले जाते, ते त्या चाळीतल्या माणसांच्या संमतीमुळेच अस्तित्वात येते.

असे असताना कायद्याचे संरक्षण मात्र दोघांना सारखे नाही. मी ग्राहक म्हणून पैसे भरले की रेरा, म्हणजे घरखरेदीदारांच्या संरक्षणाचा कायदा, माझ्या बाजूने उभा राहतो: नोंदणीकृत कराराआधी किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, ग्राहकांच्या पैशांपैकी ७० टक्के रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवावी लागते आणि प्रकल्पाची प्रगती महारेराच्या, म्हणजे या कायद्याखालील राज्याच्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर घरबसल्या पाहता येते. पुनर्वसनाची घरे विक्रीची नसल्यामुळे भाडेकरूला हे संरक्षण मिळत नाही. त्याच्या हाती असतो पर्यायी जागेचा करार आणि दरमहा भाड्याचे आश्वासन. माझ्या एका सहकाऱ्याच्या आईवडिलांनी अशीच खोली रिकामी करून दिली आणि ते नालासोपाऱ्यात भाड्याने राहायला गेले. विकासकाकडून येणारे भाडे पहिली काही वर्षे वेळेवर आले, मग लांबू लागले, मग थांबले. आता घरमालकाला द्यायचे पैसे मुलाच्या पगारातून जातात. गणपतीत ते दोघे जुन्या मंडळाच्या आरतीला येतात, तेव्हा त्यांच्याच चाळीच्या जागेवरील टॉवरमध्ये घरांची नोंदणी सुरू असल्याचा फलक त्यांना वाचावा लागतो. या म्हाताऱ्या माणसांचे घर अडकलेले असताना तेथे घर घेण्यास माझे मन तयार होत नाही, आणि हे न कळताच मी ते घेतले असते, याची मला फार चीड येते.

व्यवहाराच्या दृष्टीने पाहिले तरी ही माहिती ग्राहकाच्या हिताची आहे. भाडे थकले किंवा पुनर्वसन रखडले, तर म्हाडा, म्हणजे राज्याचे गृहनिर्माण प्राधिकरण, काम थांबवण्याची नोटीस देऊ शकते आणि मग विक्रीच्या इमारतीचे भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे राहायला जाण्याचा परवाना, हेही लांबते. गोरेगावच्या सिद्धार्थनगरात, म्हणजे पत्राचाळीत, २००८ साली पुनर्विकासाचा करार झाला. तेथील ६७२ कुटुंबे वर्षानुवर्षे घरापासून दूर राहिली आणि त्याच जागेवरील प्रकल्पात पैसे भरलेले ग्राहकही अडकले.

विक्रीच्या पैशातूनच पुनर्वसनाचा खर्च निघतो, त्यामुळे दोन्ही कामे बरोबर चालावी लागतात, असे विकासक म्हणतील, आणि त्यात तथ्य आहे. म्हणून मी विक्रीवर बंदी मागत नाही. परंतु वरळीच्या बीडीडी चाळीत पुनर्वसनाच्या इमारती आधी उभ्या राहिल्या आणि ऑगस्ट २०२५ मध्ये १६० चौरस फुटांच्या खोलीत राहिलेल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. तो सरकारी प्रकल्प आहे हे मान्य करूनही, हा क्रम शक्य आहे एवढे त्यातून दिसते. लालबाग-परळच्या या गिरणगावाला कागदावरील वचनांचा अनुभव कडू आहे. १९९१ च्या नियमावलीने गिरणीच्या जमिनीचा एक तृतीयांश वाटा मोकळ्या जागांसाठी आणि तेवढाच परवडणाऱ्या घरांसाठी ठेवला होता. २००१ च्या दुरुस्तीने ती वाटणी केवळ रिकाम्या जमिनीपुरती उरली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम केली. चाळींच्या बाबतीत पुन्हा तसेच घडू नये.

महारेराने अशा प्रत्येक प्रकल्पाच्या पानावर मूळ भाडेकरूंची संख्या, पुनर्वसन इमारतीचा टप्पा आणि थकलेले भाडे यांची माहिती दर तीन महिन्यांनी देणे बंधनकारक करावे. भाडेकरूंचा देखभाल खर्च भागवण्यासाठी किती निधी ठेवला आहे, हेही तेथे यावे, कारण पागडीच्या खोलीचे नाममात्र भाडे भरत आलेल्या निवृत्त गिरणी कामगाराला लिफ्ट आणि पंपाचा दरमहा हजारोंचा खर्च पेलला नाही, तर मिळालेले घर विकून त्याला कल्याणच्या पलीकडे जावे लागते. वेगळ्या गेटविषयीही नियम हवा. एकाच भूखंडावरच्या माणसांना दोन दरवाज्यांनी विभागणारा आराखडा मंजूर का व्हावा, याचे उत्तर महापालिकेने द्यावे.

आपणांस विनंती अशी की, पुनर्विकास प्रकल्पांच्या जाहिराती स्वीकारताना पुनर्वसनाची इमारत कोणत्या टप्प्यावर आहे आणि भाडेकरूंचे भाडे कोणत्या महिन्यापर्यंत दिले आहे, या दोन ओळी छापण्याची अट आपल्या पुरवणीने घालावी. त्यासाठी महारेराच्या आदेशाची वाट पाहण्याची गरज नाही.

आपली विश्वासू,
एक वाचक, डोंबिवली (पूर्व)