बाबांच्या प्रश्नाचं उत्तर

अलिबाग,
शनिवार

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

बाबा, निघताना तुम्ही विचारलंत, "माणसं समुद्र बघायला जातात, देवळं बघायला जातात. भाषा बघायला कोण जातं?" एस.टी. सुटत होती, म्हणून गप्प बसले.

पहिल्यांदा आक्षीचा शिलालेख बघितला. शिलाहार केसिदेवरायाचा, मराठीतला. काही अभ्यासक तो शके ९३४ चा, म्हणजे इ.स. १०१२ चा मानतात. सालावरून वाद आहेच. त्यात राजाला 'पसीमसमुद्राधीपती' म्हटलंय. पश्चिमचं पसीम! तुमच्या लाल पेनातून वाचला बिचारा.

पण जीव अडकला तो कोर्लईत. रेवदंड्याचा पूल ओलांडला की किल्ल्याच्या पायथ्याशी ख्रिस्ती वस्ती आहे. पोर्तुगिजांनी १७४० मध्ये हा मुलूख सोडला. त्यांच्या भाषेतून घडलेली बोली मात्र इथल्या घरांत राहिली. लोक तिला 'नौ लिंग' म्हणतात, म्हणजे आपली भाषा. शब्द बहुतेक पोर्तुगीज वळणाचे, पण क्रियापद आपल्यासारखं वाक्याच्या शेवटी. आणि परकी तरी कशी म्हणू? आई, तुझी चावी, बादली, शिवाय बाबांचा पगार, सगळं पोर्तुगीजच!

एका आजींच्या ओट्यावर दोन तास बसले. मासे साफ करता करता सुनेशी नौ लिंग, माझ्याशी मराठी. नातू आला तर त्याच्याशीही मराठीच. का, विचारलं तर म्हणाल्या, "शाळेत अडतं पोराचं."

तेव्हा आई, तू आठवलीस. मी सुट्टीत घरी आले होते आणि तू शेजारी ओरडून सांगितलंस, "आमचा चेडू इला!" पुण्याच्या काकू हसल्या, मुलगी 'आमचा' कशी म्हणून. मालवणीत चेडू नपुंसकलिंगी असतं, एवढं सांगायची अक्कल मला तेव्हा नव्हती, मीही हसले. त्या दिवसापासून तू पाहुण्यांसमोर छापील बोलतेस. फोनवर माझ्याशीसुद्धा.

चतुर्थीला येते. रेकॉर्डर आणणार आहे. तो बघून आवाज बदलू नकोस. शेजारच्या काकींनाही बोलाव, दोघी भांडलात तरी चालेल, उलट बरंच. बाबा, तुम्ही ऐकायला बसा, फक्त मध्ये दुरुस्त करायचं नाही.

तुमचा चेडू