मीटरवाचनाला सरकारी कागदावर एक रकाना द्या

महोदय,

दसरा-पाडवा जवळ आला की जुन्या गाड्यांच्या जाहिरातींना ऊत येतो. ‘फर्स्ट ओनर, रनिंग ३८ हजार, नॉन-अ‍ॅक्सिडेंटल, शोरूम कंडिशन.’ मालक कितवा हे आरसीवर दिसते. अपघात झाला होता की नाही, हे पत्रा, रंग आणि बोल्टची डोकी पाहून बरेचसे कळते. रनिंगचा, म्हणजे गाडी किती किलोमीटर चालली त्याचा, आकडा मात्र विकणाऱ्याच्या इमानावर सोडलेला असतो, आणि गाडीचा भाव ठरतो तो मुख्यतः त्याच आकड्यावर.

मीटरवरचा हा आकडा लबाडीने कमी करण्याला बाजारात ‘मीटर पाडणे’ म्हणतात. केबलवर चालणाऱ्या जुन्या मीटरमध्ये आकड्यांची चाके हाताने मागे न्यावी लागत. त्यात एखादा आकडा ओळीतून किंचित वर-खाली राहायचा आणि जाणकार माणूस तेवढ्यावर चोरी पकडायचा. डिजिटल मीटर आल्यावर हा धंदा बसेल, अशी समजूत होती. झाले उलटे. आकडा आता मीटरच्या सर्किटवरच्या एका छोट्या मेमरी चिपमध्ये असतो. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या ओबीडी सॉकेटला (गाडीच्या संगणकाशी जोडणी करण्याची जागा) यंत्र जोडून किंवा मीटर उघडून तो बदलता येतो. अर्ध्या तासाचे काम, आणि वर ओरखडाही दिसत नाही. त्यामुळे नुसते मीटर बघून खरे-खोटे ठरवणे कोणालाच शक्य नाही, अगदी मुरलेल्या मेकॅनिकलाही.

म्हणून गाडी बघायला जाण्याआधी कागद मागावेत. त्यात पहिला कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरचा इतिहास. मालकाच्या संमतीने गाडी नंबर किंवा चेसिस नंबरवर तो मिळतो. प्रत्येक सर्व्हिसची तारीख, त्या दिवशीचे किलोमीटर आणि केलेले काम त्यात असते. आकडे चढत गेले आहेत ना, एवढे पाहून बहुतेक जण थांबतात. हुशार एजंट नेमका याचाच फायदा घेतो आणि मीटर शेवटच्या नोंदीच्या थोडेसेच वर आणून ठेवतो. समजा, मार्च २०२२ ला नोंद ४१,२०० आहे, नोव्हेंबर २०२२ ला ५३,९००. पुढे नोंद नाही, कारण वॉरंटी संपल्यावर गाडी बाहेरच्या गॅरेजला जाऊ लागली. नोव्हेंबर २०२५ मध्ये मीटर दाखवतो ५८,०००. आकडे चढतेच आहेत. पण आठ महिन्यांत १२,७०० म्हणजे महिन्याला जवळजवळ सोळाशे किलोमीटर पळणारी गाडी पुढच्या तीन वर्षांत मिळून फक्त चार हजार चालली? त्याच वेगाने ती आज एक लाख दहा हजारांच्या घरात असायला हवी होती. मालकाची बदली झाली असेल, घरून काम सुरू झाले असेल, पण मग ते त्याने सांगायला हवे आणि इतर कागदांनी त्याला दुजोरा द्यायला हवा.

हे इतर कागद कोणते? व्हील अलाइनमेंटच्या बिलावर बहुधा किलोमीटर लिहिलेले असतात. अपघाताचा क्लेम झाला असेल तर विमा कंपनीच्या सर्व्हेअरच्या अहवालात मीटरवाचन असते. २०२२ पासून विमा कंपन्यांना ‘जेवढे चालवाल तेवढा हप्ता’ या प्रकारचे संरक्षण विकता येते. ते घेतले असेल तर विमा कंपनीकडे तारखेसह वाचन असते. सगळ्यांत बोलका कागद म्हणजे फास्टॅगचे स्टेटमेंट. खालापूर-तळेगावच्या नोंदी दर आठवड्याला दिसत असतील तर पुणे-मुंबई जाऊन-येऊन तीनशे किलोमीटर, म्हणजे वर्षाला पंधरा हजार नुसत्या त्या फेऱ्यांचेच झाले. ‘गाडी फक्त मंडईपर्यंत’ म्हणणाऱ्या मालकाकडे हे स्टेटमेंट अवश्य मागावे. बाहेरच्या गॅरेजवाल्याने ऑइल बदलल्यावर बॉनेटखाली किंवा दाराच्या कडेला ‘पुढील सर्व्हिस अमुक किलोमीटर’चे स्टिकर लावलेले असते. विकण्याआधी ते काढले जाते, पण डिंकाचा चौकोन राहतो.

गाडीपाशी गेल्यावर आधी टायर पाहावेत, कारण टायरवर तारीख असते. बाजूच्या भिंतीवर डीओटी या अक्षरांनंतरच्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ०५२१ म्हणजे २०२१ चा पाचवा आठवडा. आता असे समजा, की गाडी २०२१ च्या मार्चची आहे, मीटर २६ हजार दाखवतो आणि खालच्या चारही टायरवर ११२३ आहे. डिकीतली स्टेपनी काढून पाहिली तर तिच्यावर ०५२१. म्हणजे स्टेपनी गाडीबरोबर कारखान्यातून आली आणि बाकी चार टायर २०२३ च्या मार्चनंतर केव्हातरी बदलले गेले. कंपनीचे टायर साधारणपणे चाळीस-पन्नास हजार किलोमीटर जातात. मग सव्वीस हजारांच्या गाडीला चारही टायर नवे का लागले? कोणी हौसेने मोठ्या साइजचे टायर घातले असतील, तर ते साइजवरून कळेल. तसे नसेल तर उत्तर मीटरमध्ये शोधावे. (विकणाऱ्यांपैकी फार थोड्यांना स्टेपनी आठवते.)

चाकाच्या फटीतून पुढच्या ब्रेक डिस्कच्या काठावर बोट फिरवावे, डिस्क गार असताना. पॅड जिथवर घासते तिथे डिस्क झिजते आणि बाहेरच्या काठाला पायरी तयार होते. पंचवीस-तीस हजारांत ती जेमतेम जाणवते. नखाला ठळकपणे अडत असेल तर त्या डिस्कने निदान पॅडचा एक जोड संपवलेला असतो.

आतल्या बाजूला सीट कव्हर, स्टिअरिंगचे नवे वेष्टण, पेडलचे नवे रबर हे थोड्या पैशांत होते, म्हणून त्यांचे नवेपण हीच खूण मानावी. तीस हजार चाललेल्या गाडीला क्लच पेडलचे रबर बदलायची वेळच येत नाही. कव्हर उचलून चालकाच्या सीटची उजवी कड दाबावी. उतरताना दर वेळी मांडी तिथे घासते, आतला फोम बसलेला असतो. चालकाचा सीटबेल्ट पूर्ण ओढून सोडावा आणि शेजारचाही तसाच ओढून सोडावा. दोघांच्या परत जाण्याच्या वेगात फरक असेल, चालकाच्या पट्ट्याच्या कडेवर लव आली असेल, तर तो पट्टा हजारो वेळा ओढला गेला आहे. पट्टा सहसा कोणी बदलत नाही, महाग पडतो.

यापुढचे काम स्कॅनरचे, म्हणजे ओबीडी सॉकेटला जोडून गाडीचा संगणक वाचणाऱ्या यंत्राचे. २०१३ नंतरच्या गाड्यांत ते सहज करता येते आणि हजार-दीड हजारात मिळणारे ब्लूटूथ यंत्रही प्राथमिक तपासणीला चालते. त्यात ‘कोड (बिघाडाच्या नोंदी) पुसल्यापासूनचे अंतर’ असा एक आकडा दिसतो. तो इंजिनाच्या संगणकात साठतो, मीटरमध्ये नाही. मीटर ३१,००० दाखवत असेल आणि हा आकडा ३८,४०० असेल, तर बहुधा मीटर पाडले आहे किंवा बदलले आहे. उलट हा आकडा शून्य किंवा दोन-तीन किलोमीटर असेल तर नुकतेच कोणीतरी कोड पुसले आहेत. ते का, हे विचारावे. काही गाड्यांत बॅटरी काढली तरी तो शून्य होतो, म्हणून एवढ्यावरच निकाल देऊ नये. त्या कंपनीच्या गाड्यांचा खास स्कॅनर असलेल्या गॅरेजमध्ये एबीएस, एअरबॅग, गिअरबॉक्सच्या मॉड्यूलमधल्या (त्या-त्या भागाच्या छोट्या संगणकातल्या) नोंदी वाचता येतात. मीटर पाडणारा सगळ्या मॉड्यूलांपर्यंत क्वचितच पोचतो. काही इंजिनांत चालू राहिलेले एकूण तासही मिळतात. मीटर म्हणतो ४० हजार किलोमीटर आणि तास निघाले चार हजार, म्हणजे सरासरी वेग ताशी दहा. इतकी कोंडी पुण्यातही नाही.

मीटर खरोखर बिघडून बदललेलाही असू शकतो. अशा वेळी सर्व्हिस सेंटरच्या जॉब कार्डवर (केलेल्या कामाच्या नोंदीवर) जुना आकडा आणि तारीख असते. ते कार्ड दाखवले तर शंका मिटली. ‘कार्ड कुठेतरी आहे’ हे उत्तर धरू नये.

टॅक्सीतून उतरलेल्या गाडीबाबत दुप्पट सावध राहावे. पिवळ्या पाटीची गाडी महिन्याला पाच-सहा हजार किलोमीटर सहज पळते. परमिट सरेंडर करून पांढरी पाटी लावेपर्यंत ती तीन वर्षांत दोन लाख किलोमीटरच्या घरात गेलेली असते, आणि विकताना मीटरवर पन्नास हजार. आरटीओच्या नोंदीत वाहनाचा आधीचा वर्ग सापडतो, तो एजंटकडून नव्हे तर स्वतः पाहावा. डॅशबोर्डखाली वेगनियंत्रकाची कापलेली वायर, खांबावर पॅनिक बटणाची बुजवलेली भोके, याही खुणा आहेत. तसेच सीएनजीचे. वर्षाला पाच हजार किलोमीटर चालवणारा माणूस पन्नास-साठ हजारांचे किट बसवत नाही.

याने नुकसान फक्त किमतीत होत नाही. टायमिंग बेल्ट, गिअरबॉक्सचे ऑइल, कूलंट, स्पार्क प्लग हे सारे किलोमीटरवर बदलायचे असतात. लाखाची गाडी पन्नास हजारांची समजून चालवली की बेल्ट बदलायची वेळ मीटरवर उगवतच नाही. मग तो एक दिवस रस्त्यात तुटतो, अनेक इंजिनांत पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो आणि इंजिनाचे हेड उतरवावे लागते. कंपनीच्या नोंदी आणि मीटर यांत तफावत दिसली तर वाढीव वॉरंटीही नाकारली जाते.

यात दोष खरेदीदारांचाही आहे. पहिला प्रश्न ‘रनिंग किती?’ आणि लाखाच्या वर ऐकले की फोन ठेवायचा. सर्व बिलांसह हायवेवर ९५ हजार चाललेली गाडी शहरात क्लच घासत ४० हजार चाललेल्या गाडीपेक्षा पुष्कळदा चांगली निघते. पण ९५ खरे सांगणाऱ्याची गाडी पडून राहते आणि शेजारचा ४५ दाखवून विकून मोकळा होतो.

व्यवहार करताना डिलिव्हरी नोटवर तारीख-वेळेसोबत मीटरवाचन अंकी-अक्षरी लिहून घ्यावे, आणि पाचशेच्या स्टॅम्पवर ‘हे वाचन खरे आहे, तफावत सिद्ध झाल्यास गाडी परत घेऊन पूर्ण रक्कम देऊ’ एवढे एक वाक्य. जो विक्रेता या वाक्यावर सही करत नाही, त्याची गाडी सोडावी. डीलरने फसवले तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार जिल्हा आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. खासगी मालकाकडून घेतली असेल तर तो मार्ग बंद. मग फसवणुकीची फिर्याद, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली, किंवा दिवाणी दावा. दोन्हीकडे तो लिहिलेला कागदच कामाला येतो.

आता सरकारविषयी. आपल्याकडे खासगी मोटारीची फिटनेस तपासणी थेट पंधरा वर्षांनी होते. ब्रिटनमध्ये तीन वर्षांनंतर दर वर्षी एमओटी चाचणी असते आणि त्या दिवशीचे किलोमीटर (त्यांचे मैल) कोणालाही फुकट ऑनलाइन बघता येतात. बेल्जियममध्ये २००६ पासून कार-पास नावाच्या कागदाशिवाय जुनी गाडी विकता येत नाही. गॅरेजवाल्यांनी दिलेली सगळी वाचने त्यात असतात. अमेरिकेत मालकी बदलताना विक्रेत्याला मीटरवाचन लेखी द्यावे लागते. आपल्याकडे मालकी बदलताना भरायच्या फॉर्म २९ आणि फॉर्म ३० मध्ये चेसिस नंबर, इंजिन नंबर, दोघांचे पत्ते हे सगळे आहे, मीटरवाचनाला रकाना नाही. केंद्राने २२ डिसेंबर २०२२ च्या अधिसूचनेने जुन्या गाड्यांच्या डीलरना अधिकृत करण्याचे नियम केले, ते १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. डीलरच्या ताब्यातली गाडी कोणी, कशासाठी, किती किलोमीटर फिरवली याची इलेक्ट्रॉनिक नोंदवही त्यांत सक्तीची आहे. म्हणजे डीलरने गाडी पंपापर्यंत नेली तर नोंद हवी, पण मालकाने ती आधी किती फिरवली हे मालकीबदलाच्या अर्जात लिहिण्याची गरज नाही!

पीयूसीचे तर आणखी सोपे आहे. बीएस-४ आणि बीएस-६ गाड्यांना ती वर्षातून एकदा लागते, गाडीचा फोटो तिथेच पोर्टलवर चढतो. प्रमाणपत्रावर ‘एमआयएल ऑब्झर्व्हेशन’ अशी एक ओळ आहे. इंजिनाचा इशारा-दिवा पेटलेला आहे का, हे पीयूसीवाल्याने डॅशबोर्डवर पाहून भरायचे असते. त्या दिव्यापासून मीटरचा आकडा दोन इंचांवर असतो. तिथे नजर जातेच आहे, तर आकडाही लिहून घ्यावा, आणि तो गाडी नंबरवर कोणालाही दिसू द्यावा. दर वर्षी एक वाचन याप्रमाणे सात वर्षांच्या गाडीची सहा वाचने जमतील.

फॉर्म २९ आणि ३० केंद्रीय मोटार वाहन नियमांतले आहेत, त्यामुळे बदल दिल्लीतूनच व्हावा लागेल. राज्याच्या परिवहन विभागाने तशी शिफारस केंद्राकडे पाठवावी, ही विनंती.

आपला,
जुन्या गाड्यांची तपासणी करणारा एक तंत्रज्ञ, पुणे