पहिली प्लाटून हाती घेताना

चि. सायली हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

सीएमईतला, म्हणजे पुण्याच्या लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयातला, कोर्स आटोपून तू आता लेहच्या बाजूला इंजिनिअर्सच्या फील्ड कंपनीत जाशील. नेतृत्वावरची व्याख्यानं चेन्नईच्या अधिकारी प्रशिक्षण अकादमीत भरपूर ऐकली असशील, ती मी पुन्हा सांगत नाही. माझ्यासारख्या सुभेदाराला नवा लेफ्टनंट खालच्या बाजूने दिसतो. तिथून काय दिसतं, तेवढं लिहितो.

जवान नव्या अधिकाऱ्याचं इंग्रजी बघत नाहीत, धावणंही फारसं बघत नाहीत. मॅडम सांगितलेलं काम स्वतः येऊन बघतात की हवालदाराच्या 'सब ठीक है' वर सही करतात, हे मात्र पहिल्याच आठवड्यात बघून ठेवतात. पुढचं सगळं त्यावर ठरतं.

पहिले पंधरा दिवस काही बदलू नकोस. फॉल-इनची (रांगेतल्या हजेरीची) वेळ, कामाच्या वाटण्या, स्टोअरची मांडणी, जे जसं आहे ते तसंच चालू दे. त्या काळात एक वही सुरू कर. प्रत्येक जवानाचं एक पान: नंबर, हुद्दा, गाव, घरी कोण, कोणता कोर्स केलाय, मेडिकल कॅटेगरी काय, शेवटची रजा कधी. रोज दोघांशी बोललीस तर प्लाटून तीन आठवड्यांत होते. ऑफिसात बोलावून विचारू नकोस, तिथे माणूस सावधानमध्ये उभा राहून 'कोई परेशानी नहीं' एवढंच म्हणतो. स्टोअर मोजताना, गाडीत, कामावर, अशा जागी विचार.

त्या पानावर आणखी एक गोष्ट लिही, जी बहुतेक तरुण अधिकारी क्लार्कवर सोडतात. लग्न झालं, मूल झालं, की त्याची नोंद पार्ट टू ऑर्डरने, म्हणजे युनिटच्या अधिकृत नोंदपत्राने, रेकॉर्डमध्ये जावी लागते. जवान लग्नाच्या रजेवरून येतो, कागद ट्रंकेत ठेवतो आणि विसरतो. किंवा रेकॉर्डमध्ये बायकोचं नाव 'सुनिता', आधारवर 'सुनीता बाई', जन्मतारीख तिसरीच. माणूस धडधाकट आहे तोवर हे कुणाला टोचत नाही. तो गेला की त्याची विधवा फॅमिली पेन्शनसाठी ऑफिसांचे उंबरे झिजवते. वारसाचं नाव, स्पेलिंग, तारीख, बँकेचं जॉइंट खातं, ही चार कामं ऑगस्टपर्यंत प्रत्येकाची पूर्ण करून घे. भाषण न करता जवानाच्या घरापर्यंत पोचायचा याहून सरळ रस्ता मला माहीत नाही.

सीनियर जेसीओंना, म्हणजे सुभेदार-नायब सुभेदारांना, 'साहेब' म्हणायचं, हे तुला सांगायला नको. पण मान नुसत्या हाकेत नसतो. निर्णयाआधी त्यांना बाजूला घेऊन विचार, 'साहेब, तुम्ही कसं केलं असतं?' ते सांगतील ते पूर्ण ऐक. मग निर्णय तुझा, आणि प्लाटूनसमोर तो तुझाच म्हणून सांग. 'वरून हुकूम आहे, मी काय करू' हे वाक्य एकदा तोंडातून गेलं की जवान पुढच्या वेळी तुझ्याकडे न येता थेट वर बघायला लागतात. हवालदाराला त्याच्या सेक्शनसमोर झापू नकोस. तुला समाधान दोन मिनिटांचं मिळेल, आणि त्याला मात्र त्याच दहा माणसांकडून वर्षभर काम करून घ्यायचं असतं.

आता हुकुमाबद्दल. दुपारी २ वाजता काम मिळालं आणि पहाटे ५ ला निघायचं आहे, म्हणजे हातात १५ तास. त्यातला एक तृतीयांश, ५ तास, तुझा. बाकीचे १० खालच्यांचे. नवा अधिकारी नकाशा, मॉडेल, सुंदर ऑर्डर यांत रात्रीचे ११ वाजवतो आणि सेक्शन कमांडर बिचारा अंधारात टॉर्च लावून सामान मोजतो. म्हणून काम मिळताच पहिल्या दहा मिनिटांत वॉर्निंग ऑर्डर दे: काय काम, किती वाजता निघायचं, काय सामान, पूर्ण ऑर्डर किती वाजता. माहिती अर्धी असली तरी चालेल. तेवढ्यावर गाड्यांत डिझेल भरलं जातं, लंगर (स्वयंपाकघर) पुऱ्या-भाजी बांधतो, ज्यांना झोपायचं ते झोपतात. ५ तासांतली उजेडाची वेळ आधी जागा बघण्यात घाल, लिहायचं काम दिव्याखाली होतं.

ऑर्डरचा क्रम तुला पाठ आहे: खबर, मकसद, तरीका, बंदोबस्त, कमान आणि सिग्नल. मकसद दोनदा म्हण, आणि शेवटी प्रश्न सगळ्यात ज्युनियर माणसाला विचार: 'मी नाही, हवालदारही नाही, तर तू काय करशील?' १९४५ च्या एप्रिलमध्ये इटलीत सेनियो नदीवर मराठा लाइट इन्फंट्रीचे शिपाई नामदेव जाधव हे कंपनीचे रनर, म्हणजे निरोप पोचवणारे, होते. कंपनी कमांडर जखमी, बरोबरचे बहुतेक ठार. त्यांनी जखमींना खोल पाण्यातून आणि सुरुंगांतून मागे आणलं, मग परत जाऊन मशीनगनची ठाणी बंद पाडली. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. शौर्य कुणी शिकवू शकत नाही, पण पुढे काय करायचं हे रनरलाही ठाऊक असावं, ही व्यवस्था अधिकाऱ्याच्या हातातली आहे.

लेहची उंची साधारण ११,५०० फूट. तिथे नेतृत्व म्हणजे बऱ्याच अंशी माणसांना थोपवून धरणं. विरळ हवेची सवय व्हायला पहिल्या टप्प्याचे, ९ ते १२ हजार फुटांचे, सहा दिवस. पहिले दोन दिवस विश्रांती, लाइनमध्येच (बराकींच्या आवारातच) फिरणं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सावकाश दीड ते तीन किलोमीटर, चढ नाही. पाचव्या-सहाव्या दिवशी पाच किलोमीटरपर्यंत, आणि चढ ३०० मीटरपर्यंत. १२ हजारांच्या वर आणखी चार दिवस, १५ हजारांच्या वर पुन्हा चार. यात काटछाट करायची मागणी नेहमी कामाच्या घाईतून येते आणि ती तुझ्याच माणसांकडून येते.

उंचीच्या आजाराच्या धोक्यातला माणूस बहुधा सर्वात तगडा, विशीतला, खेळाडू असतो. डोकं दुखतंय हे तो लपवतो, कारण बाकीचे हसतील. सकाळी 'कैसे हो?' विचारू नकोस, उत्तर 'ठीक' असंच येणार. रात्री झोप लागली का, नाश्त्याला किती पुऱ्या खाल्ल्या, हे त्याच्या शेजाऱ्याला विचार. बसल्या जागी धाप, कोरडा खोकला दिसला की सकाळची वाट बघायची नाही. डॉक्टर, ऑक्सिजन, खाली उतरवणं. सरळ रेषेत टाचेला पंजा लावून चालता येत नसेल तरी तेच. आणि तू स्वतः पहिल्या दिवशी पळायला जाऊ नकोस. मॅडम पळाल्या की वीसजण पळतात.

रजेवरून परतणारे इथेच फसतात. चार आठवड्यांपेक्षा जास्त खाली राहिलेल्याला सहा दिवस पुन्हा पूर्ण करावे लागतात. पण तो 'जुना' म्हणून आणि नफरी (हजर माणसं) कमी म्हणून हवालदार त्याला दुसऱ्याच दिवशी ड्युटीला लावतो. ड्युटी रोस्टरवर परतीची तारीख लाल पेनने लिहायची सवय लाव.

बेली पुलावर, म्हणजे लोखंडी पॅनेलं पिनांनी जोडून उभारायच्या पुलावर, तुला एक वेगळीच शिस्त दिसेल. एक पॅनेल दहा फूट लांब, वजन सुमारे २६० किलो, सहा जण दांडे घालून उचलतात. साधारण एका उंचीचे सहा निवड, नाहीतर सगळा भार उंच माणसावर जातो. बदलीचे सहा तयार ठेव, त्या हवेत दम लवकर जातो. हुकमाचा आवाज एकच, बाकी सगळे गप्प. 'रुको' मात्र कुणीही ओरडू शकतो, आणि ओरडला तर उगाच ओरडला म्हणून त्याला कधीही बोलायचं नाही. पिनची भोकं जुळली का हे बोटाने बघायची खोड जुन्या सॅपरलाही (इंजिनिअर्सच्या जवानालाही) असते. त्यासाठी लोखंडी बार आहे, बोट नाही. थंडीत उघड्या हाताने लोखंडाला हात लावला तर कातडी चिकटते, म्हणून कोरड्या हातमोज्यांचा दुसरा जोड प्रत्येकाकडे आहे का, हे निघण्याआधी काढून दाखवायला सांग.

शिक्षेबद्दल फार लिहीत नाही. दारू पिऊन ड्युटी आणि हत्याराबद्दल निष्काळजीपणा, यांत माफी नाही. बाकी बरंचसं सुभेदार साहेबांवर सोडता येतं.

रजा मात्र कुणावर सोडू नकोस. जवानाला वर्षाला ६० दिवस ॲन्युअल आणि ३० दिवस कॅज्युअल. सगळ्यांना मे महिना आणि दिवाळी हवी असते, आपल्या मराठी पोरांना गणपती. वर्षाचा तक्ता जानेवारीतच सर्वांसमोर बनव आणि भिंतीवर लाव. हिवाळ्यात झोजिला खिंड बर्फाने बंद होते, लेहचं विमान हवेमुळे रद्द होतं आणि माणूस ट्रान्झिट कॅम्पात अडकतो. लग्नाची तारीख असेल तर त्याला चार दिवस आधी काढ. नाही म्हणायची वेळ आली तर निरोप पाठवू नकोस, समोर बसवून कारण सांग आणि त्याच्या पुढच्या रजेची तारीख तिथेच तक्त्यावर लिही.

त्या तक्त्यात तुझं नाव सगळ्यांच्या शेवटी येईल, म्हणजे यंदा दिवाळीला तू घरी नसशील. आईला मी सांगतो. फराळाचा डबा कुणा परतणाऱ्या जवानाच्या हाती पाठवता आला तर कळव. चकल्या प्लाटूनला पुरतील इतक्या करायच्या तर भाजणी आधी दळून ठेवावी लागेल.

तुझे
बाबा