विदेशी अजगराची नोंद करण्यापूर्वी तो कोणीतरी पाहावा : वनमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. वनमंत्री,
महाराष्ट्र राज्य

विषय : पाळीव विदेशी अजगरांच्या नोंदणीपूर्वी प्रत्यक्ष पाहणी होण्याबाबत

महोदय,

मी नाशिकचा सर्पमित्र आहे. द्राक्षबागेत घोणस निघाली, पोल्ट्रीत धामण शिरली किंवा विहिरीत नाग पडला की माझा फोन वाजतो. गेल्या जानेवारीत मात्र गंगापूर रोडवरील एका गृहस्थांनी मला साप पकडायला नव्हे, तर घरातला साप पाहायला बोलावले.

टीव्हीखालच्या कपाटात प्लॅस्टिकचा खोका होता, त्याच्या झाकणाला तापवलेल्या खिळ्याने भोके पाडली होती आणि आत साधारण हातभर लांबीचा साप डोके वेटोळ्यात खुपसून चेंडूसारखा बसला होता. विक्रेत्याने दिलेल्या कागदावर ‘अंगोलन अजगर’ असे लिहिले होते. हा साप अत्यंत दुर्मिळ असून स्वभावाने इतका गरीब आहे की लहान मुलेही त्याला हातात घेतात, असे त्यांना सांगण्यात आले होते. त्याची सरकारदरबारी नोंद कशी करायची, एवढेच त्यांना हवे होते.

अंगोलन अजगर खरोखरच दुर्मिळ आहे. दक्षिण अंगोला आणि उत्तर नामिबियाच्या कोरड्या, खडकाळ मुलखात तो राहतो. त्याचे शास्त्रीय वर्णन १८८७ साली झाले. पण अंगोलात १९७५ पासून २००२ पर्यंत यादवी युद्ध चालल्यामुळे तेथील फारच थोडे साप बाहेर पडले, आणि मादी एका वेळी मोजकीच अंडी घालत असल्याने पाळलेल्यांची संख्याही सावकाशच वाढली. त्याच्या डोक्यावर मण्यांसारखे बारीक, फुगीर खवले असतात. खोक्यातील सापाच्या डोक्यावर तसे काहीही नव्हते. तो पश्चिम व मध्य आफ्रिकेतला, जगभर सर्रास पाळला जाणारा बॉल पायथन होता. दोघे जवळचे नातलग आहेत खरे. पण किमतीत मोठी तफावत आहे आणि त्या गृहस्थांनी पैसे मोजले होते ते अंगोलनचे.

त्याच्या गरीब स्वभावाविषयी सांगायचे, तर त्या आठवड्यात निफाडचा पारा एक आकडी झाला होता आणि खोक्यात उबेची कसलीही सोय नव्हती. या सापाला बसायला ३० ते ३२ अंशांची उबदार जागा लागते. गारठ्यात त्याला खाल्लेले पचत नाही आणि नीट हालचालही करता येत नाही. डोळ्यांवर जुनी कात चिकटून राहिली होती आणि दीड महिन्यात त्याने उंदराला तोंड लावले नव्हते. ज्याला घरातली मंडळी शांतपणा म्हणत होती, तो गारठा आणि भीती होती. त्या गृहस्थांचा हेतू वाईट नव्हता, हेही येथे नोंदवतो.

कायदा नाही, अशी माझी तक्रार नाही. वन्यजीव संरक्षण कायद्यातील २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, तिच्या चौथ्या अनुसूचीत हे विदेशी अजगर आले, आणि २०२४ च्या नियमांनुसार अशा प्राण्यांची नोंद केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ या ऑनलाइन पोर्टलवर करणे बंधनकारक झाले. परंतु विक्रेत्याने लिहिलेले नाव मालकाने विश्वासाने भरले, तर पुढे त्याच नावावर पिल्लांचीही विक्री होईल आणि बँकॉकहून सामानात दडवून आणलेल्या सापालाही अशाच कागदाची ऊब मिळेल.

आपल्या मातीतल्या मांडुळाचे काय झाले, ते आपण जाणताच. बिचारा चावत नाही, पळत नाही, म्हणूनच गुप्तधनाच्या वेडापायी तो पोत्यात घालून विकला गेला. मला त्याहूनही धास्ती घोणशीची वाटते. अंगावर साखळीसारखे गोल ठिपके असलेली, जाडजूड, आळसावलेली घोणस अजगराचे पिल्लू समजून उचलली जाते आणि कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार ऐकू येईपर्यंत वेळ निघून गेलेली असते. गारुड्याची टोपली आपण कायद्याने बंद केली. आता मोबाइलवर गळ्यात अजगर घातलेली मुले पाहून दिंडोरीच्या एखाद्या मळ्यातल्या पोराने बांधावरच्या ‘अजगराला’ हात घातला, तर त्याला अडवायला तेथे कोण असणार आहे?

म्हणून पाळणाऱ्यांवर सरसकट बंदी घाला, असे मी म्हणत नाही. ती घातल्यास हे साप रातोरात गोदाकाठी किंवा गंगापूर धरणाच्या झाडीत सोडले जातील. माझी विनंती एवढीच आहे की, आपल्या राज्यात नोंदणीचा दाखला देण्यापूर्वी सापांची जाण असलेल्या व्यक्तीने तो साप आणि त्याची राहण्याची जागा प्रत्यक्ष पाहावी, डोक्याचे व पाठीचे जवळून काढलेले छायाचित्र अर्जाला जोडावे आणि जात ओळखल्याची सही त्या व्यक्तीने स्वतःच्या नावाने करावी.

निघताना त्या गृहस्थांना मी सांगितले की, चुकीचे नाव पोर्टलवर चढवू नका आणि खरी हकिगत वन विभागाला लेखी कळवा. त्यावर त्यांनी विचारले, “आणि सांभाळणे जमणार नसेल तर हा द्यायचा कुठे?” देशी सापाला मी वन विभागाच्या परवानगीने त्याच्या अधिवासात सोडतो, आफ्रिकेतल्या सापासाठी माझ्याकडे उत्तर नव्हते. नाशिक विभागात अशा प्राण्यांसाठी एखादी उबदार खोली, एक पशुवैद्य आणि न घाबरता साप जमा करता येईल असा एक पत्ता आपण जाहीर करावा. पुढच्या थंडीआधी तो मिळाला, तर मी स्वतः जाऊन तो त्या गृहस्थांना देईन.

आपला नम्र,
एक सर्पमित्र, नाशिक