गोळ्या का राहिल्या, हे न रागावता विचारणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

एचआयव्ही उपचार केंद्रात आमच्या हाती येतो तो व्हायरल लोडचा, म्हणजे रक्तात विषाणू किती हे सांगणारा कागद. मिलिलिटरमागे विषाणूच्या १००० हून जास्त प्रती दिसल्या की पहिला संशय गोळ्या चुकल्याचा. पण का चुकल्या, हे कागदावर नसतं. ते तुमच्यामुळे कळतं, म्हणून हे पत्र.

‘गोळ्या वेळेवर घेता ना?’ असं विचारलं की ‘हो’ याखेरीज उत्तर मिळत नाही. तुम्ही विचारता, ‘कुणाच्याही राहतात कधीतरी. गेल्या चार दिवसांत तुमच्या किती राहिल्या?’ मग खरं बाहेर येतं. बाटली पिशवीत खुळखुळते, शेजारचा विचारेल, म्हणून कुणी गोळ्या कागदात बांधून नेतो आणि त्यांना ओल लागते. तुमचा तोडगा साधा: मूळ बाटलीच ठेवायची, ओल शोषणारी पुडी आत तशीच, वर कापसाचा बोळा. आवाज बंद.

कुणाची एकही गोळी चुकलेली नसते, तरी लोड वर. तुम्ही घरातली बाकीची औषधंही बघायला मागता आणि अँटासिड सापडतं. डोल्युटेग्रॅव्हिर हे एचआयव्हीवरचं औषध त्यातल्या ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमला चिकटतं आणि रक्तात पुरेसं उतरत नाही. म्हणून ती गोळी अँटासिडच्या २ तास आधी किंवा ६ तासांनी. लोह-कॅल्शियमचंही तसंच, फक्त जेवणासोबत घेतली तर ती एकत्र चालतात. अशा माणसाला बेफिकीर ठरवून झापलं असतं तर तो परत आलाच नसता.

राहिलेली गोळी आठवल्याबरोबर घ्यायची, पण पुढच्या वेळेला एकदम दोन नाहीत, हे सगळेच सांगतात. ‘खंड पडलाच आहे, आता कोणत्या तोंडाने जाऊ’ म्हणून महिनाभर गायब होणाऱ्याला फोन मात्र तुम्हीच करता. तोही आधी ठरवून घेतल्याप्रमाणे: कोणत्या नंबरवर, किती वाजता, दुसऱ्याने उचलला तर काय बोलायचं. परवानगीशिवाय दारात जायचं नाही, आणि गेलात तरी संस्थेचं नाव छापलेली पिशवी नाही. (ही पिशवी छापायची कल्पना कुणाला सुचते कोण जाणे.)

लोड तपासणीत न दिसण्याइतका खाली टिकला की लैंगिक संबंधातून संसर्ग होत नाही, हे रुग्णाची इच्छा असेल तर जोडीदारासमोर तुम्ही स्पष्ट सांगता. स्तनपान आणि सुया यांना हेच विधान लावायचं नाही, हेही तिथेच सांगता. तो दुसरा भाग घाईत आमच्याकडून गाळला जातो.

समुपदेशनानंतर ३ महिन्यांनी लोड पुन्हा तपासतात. तो खाली आला की नोंद औषधाच्या नावावर होते. तुमच्या भेटी, फोन, प्रवासखर्च यांना त्या तक्त्यात रकाना नाही. तो घालावा, असं आम्ही वरिष्ठांना लेखी कळवत आहोत.

आपले,
उपचार केंद्रातील सहकारी